वृद्ध स्त्रिया, कर्करोग आणि शेष आयुष्याचे गणित



वसंतातल्या या रम्य सायंकाळी कर्करोग आणि मृत्यू यांची भाषा कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आयुष्य किती उरले, हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. जोतिषी तो कुंडली मांडून सोडवतो आणि विम्याचा हप्ता ठरवणारा गणिती कोष्टके मांडून सोडवतो. दोघांत फरक इतकाच, की जोतिषी एका माणसाबद्दल ठामपणे बोलतो आणि गणिती हजार माणसांबद्दल जपून बोलतो. आम्ही आज दुसऱ्या पंथाचे आहोत. हजार स्त्रियांबद्दल जे कळते त्यातून एकीने आपल्यापुरते काय घ्यावे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न नेमका मांडू. पंचाहत्तरीच्या एक बाई आहेत. स्तनात गाठ नाही, दुखणे नाही, कसलीही तक्रार नाही. त्यांनी स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, करून घ्यावी काय? वरवर पाहता उत्तर सोपे दिसते. रोग लवकर सापडलेला बरा. मग तपासणी करावीच! पण या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. या बाईंना पुढे स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव किती, हा पहिला. आणि त्या कर्करोगाने त्रास द्यायच्या आधीच दुसऱ्या एखाद्या कारणाने त्यांचे आयुष्य संपण्याचा संभव किती, हा दुसरा. पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विचारायला जीभ कचरते. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे, की दुसरा प्रश्न विचारल्यावाचून पहिल्याचे उत्तर उपयोगी पडत नाही.

आधी पहिले खाते उघडू. स्तनाचा कर्करोग सर्व स्त्रियांना सारख्या प्रमाणात होत नाही, ही जाणीव जुनी आहे. इटलीतील पादुआ येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले, की हा रोग मठांतील जोगिणींमध्ये विशेष दिसतो. त्यामागचे खरे कारण त्यांना उमगले नव्हते. पण निरीक्षण पक्के होते. पुढे १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने रोग झालेल्या सुमारे पाचशे स्त्रिया आणि न झालेल्या तितक्याच स्त्रिया घेऊन त्यांचे जीवनवृत्तांत शेजारी शेजारी ठेवले. लग्न उशिरा, मुले कमी, अंगावर पाजणे कमी, अशा गोष्टींचा रोगाशी संबंध आहे हे त्यातून दिसले. आज आपण त्याचे कारण सांगू शकतो. स्त्रीच्या शरीरातील अंतःस्राव स्तनांच्या पेशींना वाढीची चालना देत असतात. ही चालना जितकी वर्षे अखंड चालते तितकी जोखीम वाढते. पाळी लवकर येणे, ती उशिरा जाणे, पहिले मूल उशिरा होणे, या सगळ्यांचा अर्थ तोच.

या माहितीचे रीतसर गणित १९८९ साली झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील मिचेल गेल आणि त्यांचे सहकारी यांनी, १९७०च्या दशकात तेथे झालेल्या एका मोठ्या तपासणी योजनेची आकडेवारी घेऊन एक सूत्र बसवले. त्यात मोजके प्रश्न आहेत. आजचे वय काय? पहिली पाळी कितव्या वर्षी आली? पहिले मूल कितव्या वर्षी झाले? आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी किती जणींना हा रोग झाला? स्तनातील गाठीचा तुकडा काढून कितीदा तपासला, आणि त्यात काय आढळले? उत्तरे भरली, की येत्या पाच वर्षांत रोग होण्याचा संभव शेकडा किती, ते बाहेर पडते.

हे सूत्र किती खरे ठरते? २००१ साली त्याची एक कसून परीक्षा झाली. अमेरिकेत १९७६ पासून सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात आहे. त्यांपैकी ८२,१०९ जणींवर ते सूत्र लावून पाहिले. सूत्राने सांगितलेली रुग्णांची एकूण संख्या प्रत्यक्ष संख्येच्या ९४ टक्के निघाली. समूहाचा अंदाज म्हणून ही शाबासकी देण्यासारखी गोष्ट आहे. पण दुसरी कसोटी लावली. रोग झालेली एक स्त्री आणि न झालेली एक स्त्री अशी जोडी घ्यायची आणि पाहायचे, की सूत्राने रोग होणारीला अधिक जोखीम दिली होती काय. शंभर जोड्यांपैकी अठ्ठावन्न जोड्यांत सूत्र बरोबर आले. नाणे उडवले असते तरी पन्नास आलेच असते! तात्पर्य असे, की गावात किती जणींना रोग होईल हे आपल्याला बरे सांगता येते. पण तो कोणत्या घरात शिरेल हे सांगण्यात आपण नाण्यापेक्षा फार पुढे गेलेलो नाही.

आता दुसरे खाते. मरणाचा हिशेब कर्करोगाच्या हिशेबापेक्षा पुष्कळ जुना आहे. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव घरोघर गेले त्या एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक प्रसिद्ध केले. १८२५ साली बेंजामिन गोम्पर्ट्झ या विमागणितज्ञाने दाखवले, की प्रौढपणापासून मृत्यूचे प्रमाण चक्रवाढ व्याजासारखे वाढते. आजच्या हिशेबाने ते साधारण आठ वर्षांनी दुप्पट होते. पण हे झाले सरासरी माणसाबद्दल. एकाच वयाच्या दोन माणसांत फरक कसा करावा?

सॅन फ्रान्सिस्को येथील डॉक्टर सेई ली आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली याचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीपुरुषांना बारा गोष्टी विचारायच्या आणि गुण मांडायचे. गुण जितके अधिक, तितका चार वर्षांत मृत्यू येण्याचा संभव अधिक. त्यात वय आहे, स्त्री की पुरुष हे आहे, मधुमेह, कर्करोग, फुप्फुसाचा विकार, हृदयाचा अशक्तपणा, धूम्रपान आणि वजन हेही आहे. पण भगिनींनो, उरलेले चार प्रश्न लक्ष देऊन ऐका. स्वतःची आंघोळ स्वतः करणे जड जाते काय? दोनचार चौक चालून जाणे जड जाते काय? पैशाचा व्यवहार सांभाळणे जड जाते काय? जड सामान ढकलणे वा ओढणे जमत नाही काय? या कोष्टकात कर्करोग होऊन गेला असेल तर दोन गुण आहेत आणि आंघोळ जड जात असेल तरी दोनच गुण आहेत! ज्यांचे गुण पाचापर्यंत, त्यांच्यात चार वर्षांत मरणारे शेकडा चारांहून कमी निघाले; ज्यांचे चौदा किंवा अधिक, त्यांच्यात शेकडा ६४. आणि जोडीची कसोटी येथे लावली, तर शंभरांत ऐंशीहून अधिक जोड्या बरोबर आल्या.

यातील विनोद आपल्या ध्यानात आला असेल. ज्या भाकिताला आपण शास्त्रशुद्ध मानून पुढे करतो, ते कर्करोगाचे भाकीत लंगडे आहे. आणि ज्याला अभद्र म्हणून झाकून ठेवतो, ते शेष आयुष्याचे भाकीत त्याच्याहून पुष्कळ धड आहे. आपल्या आज्या सुनेला म्हणत, की अमकीचे चालणे मंदावले, आता तिचे काही खरे नाही. त्यांनी कोष्टक मांडले नव्हते, पण नेमके काय पाहावे ते त्यांना ठाऊक होते.

दोन्ही खाती उघडली. आता मेळ घालू. तपासणीचा उपद्रव आज होतो आणि उपकार पुष्कळ वर्षांनी होतो. आज सापडलेली बारीक गाठ न सापडती, तर तिने जीव घ्यायला काही वर्षे लावली असती. तेव्हा जीव वाचण्याचे श्रेयही तितक्याच वर्षांनी मिळायचे. हा काळ किती? डॉक्टर ली यांनीच २०१३ साली जुन्या मोठ्या प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून तो मोजला. हजार स्त्रियांची तपासणी केली, तर त्यांतील एकीचा स्तनाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू टळायला सरासरी १०.७ वर्षे लागतात. आंब्याची कोय लावण्यासारखेच हे आहे. फळ खात्रीचे असेल, पण ते धरेपर्यंत अंगणात कोणी असायला हवे.

मग अंगणात कोण असेल? येथे लुईझ वॉल्टर आणि केनेथ कोविन्स्की यांनी २००१ साली मांडलेले अमेरिकन स्त्रियांचे आकडे फार बोलके आहेत. सत्तर वर्षांच्या स्त्रियांचे प्रकृतीप्रमाणे चार भाग केले, तर सर्वांत धडधाकट चौथा हिस्सा अजून २१ वर्षांहून अधिक जगतो, मधल्या स्त्रिया सुमारे सोळा वर्षे जगतात आणि सर्वांत खंगलेल्या चौथ्या हिश्शाच्या वाट्याला साडेनऊ वर्षांहून अधिक येत नाहीत. ऐंशी वर्षांच्या स्त्रियांचे हेच आकडे तेरा, साडेआठ आणि साडेचार असे आहेत. आता सत्तरीतली खंगलेली आणि ऐंशीतली ठणठणीत या दोघींना शेजारी बसवा. सत्तरीतलीला साडेनऊ वर्षे, आणि ऐंशीतलीला तेरा! म्हणजे वयाच्या दाखल्यावर बोट ठेवून, अमक्या वर्षापर्यंत तपासा आणि तमक्या वर्षी थांबवा, असे म्हटले, तर जिला लाभ व्हायचा तिला आपण दारातून परत पाठवतो आणि जिला केवळ ताप व्हायचा तिला आत बोलावतो.

अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली असा सल्ला दिला, की चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी. त्यापुढच्या वयाबद्दल, लाभ-हानी ठरवण्याइतका पुरावा नाही, असे म्हणून ते थांबले. ते खरेही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात चौसष्टच्या पुढची एकही स्त्री घेतली नव्हती. स्वीडनमधील १९७७ सालच्या प्रयोगात ही मर्यादा चौऱ्याहत्तर होती. ज्यांना हा रोग अधिक होतो त्या वयाच्या स्त्रियांनाच प्रयोगाच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले.

तपासणीचा ताप म्हणजे काय, तेही पाहू. काही कर्करोग इतके संथ असतात, की ते सापडले नसते तर त्या स्त्रीला जन्मात कळलेही नसते. असा रोग सापडला, की शस्त्रक्रिया, औषधे आणि धास्ती हे सारे मागोमाग आलेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असा अंदाज निघाला, की तपासणी चालू ठेवणाऱ्या स्त्रियांत सापडलेल्या कर्करोगांपैकी असे निष्कारण सापडलेले कर्करोग सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात शेकडा ३१, पंचाहत्तर ते चौऱ्याऐंशीत शेकडा ४७ आणि त्यापुढे शेकडा ५४ असतात. वय वाढते तसा हा आकडा का चढतो? केवळ गाठीचा स्वभाव पालटतो म्हणून तो चढत नाही. मुख्यतः पुढे उरलेली वर्षे आटतात म्हणून चढतो. दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत ती यासाठी.

याहून बोलका एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत १९९४ ते १९९९ या काळात सत्तरी गाठलेल्या ६३६ स्त्रिया निवडल्या. सर्वांना आरंभीच्या अवस्थेतला, अंतःस्रावांवर पोसणारा स्तनाचा कर्करोग होता. सर्वांची गाठ काढली आणि सर्वांना टॅमॉक्सिफेन दिले. निम्म्या जणींना त्याखेरीज किरणोपचार दिले. किरणोपचारांनी त्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले, पण आयुष्य वाढले नाही. बारा वर्षांहून अधिक काळ लोटला तेव्हा त्यांपैकी ३३४ स्त्रिया वारल्या होत्या. त्यांतल्या स्तनाच्या कर्करोगाने किती वारल्या असतील? फक्त २१! उरलेल्या ३१३ जणींना दुसऱ्याच कारणांनी मरण आले. मात्र याचा अर्थ हा रोग मामुली आहे असा कोणी घेऊ नये. त्या सर्वांवर उपचार झालेला होता. आणि दुसरी बाजूही पाहा: सत्तरीनंतर कर्करोग झालेल्या या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या बारा वर्षांनंतरही हयात होत्या.

एका सूत्रात ही दोन्ही खाती एकत्र मांडावीत, असा प्रयत्न अलीकडे बॉस्टन येथील डॉक्टर मारा शॉनबर्ग यांनी केला आहे. गेल यांच्या सूत्रात अन्य कारणांनी येणारा मृत्यू धरला होता, नाही असे नाही. पण तो सरासरीने धरला होता. ऐंशीच्या सर्व बायका त्याच्या लेखी सारख्याच. शॉनबर्ग यांनी पंचावन्नच्या पुढच्या स्त्रियांसाठी, त्याच परिचारिकांच्या नोंदींवरून, कर्करोगाचा संभव आणि अन्य मृत्यूचा संभव दोन्ही एकदम सांगणारे सूत्र बसवले. अशा मांडणीत एक गंमत दिसते. पाळी गेल्यानंतर अंगावरची चरबी अंतःस्राव पुरवत राहते, म्हणून जाड स्त्रीला स्तनाच्या कर्करोगाची जोखीम अधिक. पण ली यांच्या कोष्टकात मृत्यूचा गुण मिळतो तो उतारवयात वजन कमी असणारीला! एकच वजन दोन खात्यांत दोन दिशांना ओढते. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये.

आता आमच्या मनातली भीती सांगतो. हे सारे गणित आपल्या घरांत शिरले, तर त्याचा उपयोग कसा होईल? तपासणीचा लाभ दहा वर्षांनी, हे ऐकून एखादा कर्ता पुरुष म्हणेल, 'झाले तर मग! म्हातारीला आता दवाखाना कशाला?' म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशी आपल्यात म्हण आहे. आम्हांला येथे दोन्हींचे दुःख आहे. म्हणून स्पष्ट बजावतो. वरचा सारा हिशेब ज्या स्त्रीला काहीही तक्रार नाही तिच्या तपासणीबद्दल आहे. जिच्या स्तनात गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तिला हे गणित लागू नाही. ती नव्वद वर्षांची असो, तिला डॉक्टरकडे न्यायचे. दहा वर्षांचा हिशेब जो करायचा तो लपून बसलेल्या रोगाचा. दारात उभा राहिलेला रोग आजच त्रास देतो. तो चिघळू दिला, तर शेवटचे एक वर्षही नरक होऊन जाते. उतारवयात सोसेल असा सौम्य उपचार पुष्कळदा असतो.

आणखी एक. हे आकडे अमेरिकेतील स्त्रियांचे आहेत. तेथल्यापेक्षा आपल्याकडे या रोगाचे प्रमाण बरेच कमी आहे. पण आपल्याकडे तो उशिरा, वाढलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोहोचतो. तेव्हा तिकडची सूत्रे येथे जशीच्या तशी लावणे म्हणजे परक्या मापाचा अंगरखा घालणे होय. आपल्या मातीतला पुरावा म्हणाल, तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या प्रयोगाकडे पाहावे. तेथील झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. २०२१ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही. यंत्र नव्हते, शिकवलेला हात होता. मात्र साठी-पासष्टीच्या पुढची आजी येथेही हिशेबाबाहेरच राहिली, हे विसरू नये.

शेवटी, हे सांगायचे कसे? 'बाई, तुम्ही तेवढ्या जगणार नाही' असे डॉक्टरांनी म्हणावे काय? अमेरिकेत वृद्धांना याविषयी विचारले, तेव्हा आयुष्य किती उरले याची चर्चा निम्म्याहून अधिक जणांना नकोच होती. बाल्टिमोर येथील नॅन्सी शनबॉर्न यांना असे दिसले, की 'ही तपासणी तुमचे आयुष्य वाढवणार नाही' हे शब्द वृद्ध ऐकून घेतात. 'लाभ व्हायला तुम्ही तेवढे जगणार नाही' हे शब्द मात्र त्यांना कठोर वाटतात. हिशेब तोच, पण एका बोलण्यात तपासणीत उणे काढले आहे आणि दुसऱ्यात माणसात. आपल्या भाषेत तर मरणाभोवती इतकी मऊ वळणे आहेत, की आपल्या डॉक्टरांना हे शिकायला परदेशी जायला नको.

भगिनींनो, आपल्यापैकी ज्या सत्तरीपलीकडच्या आहेत त्यांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. गाठ किंवा दुसरी खूण दिसली, तर वयाचा विचार न करता ती दाखवावी. लाजेपायी वा घरच्यांना त्रास नको म्हणून लपवू नये. तक्रार नसताना तपासणीचा प्रश्न निघाला, तर आधी आपले चालणे, आपली आंघोळ, आपला व्यवहार आणि आपली जुनी दुखणी यांकडे पाहावे. ही सारी धड असतील तर ऐंशीतही विचारायला हरकत नाही; नसतील तर तपासणी नको म्हणण्यात हार नाही, कारण तोच वेळ आणि पैसा हृदय, दम, डोळे आणि पायांतले बळ यांच्यावर खर्चलेला अधिक फळतो. आणि तिसरी गोष्ट, निर्णय आपला आपण घ्यावा. मुलांनी सोबत यावे, डॉक्टरांनी आकडे सांगावेत. पण हिशेबाच्या वहीवर सही त्या बाईंचीच हवी.